वखारीतलं दालन

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'शून्यातून उभारलेलं कलादालन'. विषय जरा बदलून घेते. शून्य वगैरे काही नव्हतं. मामांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं, त्यातून माझा गाळा झाला, गाळ्यातून दालन झालं. आणि मागच्या मंडपातून तांबड्या-पांढऱ्याचा वास यायला लागलाय, म्हणजे वीस मिनिटं काही तुम्ही मला देणार नाही, हेही कळतंय.

तुमच्यापैकी बरेच जण इंजिनिअर झाले, डॉक्टर झाले, दोघी-तिघी प्राध्यापक आहेत. मी बारावीला थांबले. वडील अंथरुणाला खिळले होते आणि घरात पगार आणणारं दुसरं कुणी नव्हतं. १९९१ साली मामांच्या दुकानात बसायला लागले. अंबाबाई, जोतिबा, लग्नाचे फोटो, वारलेल्या माणसांचे फोटो, हा आमचा माल. सकाळी पट्टी कापायची, दुपारी काच कापायची, संध्याकाळी खिळे मारायचे. पट्टी पंचेचाळीस अंशात कापतात. अर्धा अंश जरी चुकला तरी चौथ्या कोपऱ्यात फट दिसते, आणि गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवतं. भूमितीच्या बाईंना सांगायचंय की बाई, मला कोन तेव्हा समजला.

मग हळूहळू चित्रकार मंडळी यायला लागली. कोल्हापुरात चित्रकारांना तोटा नाही. जलरंगातलं निसर्गचित्र म्हणजे इथल्या माणसांचा हातखंडा. कुणी रंकाळ्याचं चित्र आणायचं, कुणी पंचगंगेच्या घाटाचं. एखाद्या चित्राला माउंट कुठल्या रंगाचा लावायचा हे ठरवायला ते चित्र टेबलावर ठेवून बघत बसावं लागतं. अशी सत्तावीस वर्षं मी चित्रं हातभर अंतरावरून बघितली. 'स्वयंशिक्षित' असं माझ्या परिचयात आत्ता म्हटलं गेलं. मला ते अर्धंच पटतं. एका ज्येष्ठ चित्रकारांनी मला उभं करून सांगितलं होतं, 'पोरी, माउंट चित्रापेक्षा जोरात बोलायला लागला की तो काढून टाक.' असं सांगणारी माणसं दुकानात येत राहिली. फी न घेता शिकवलं त्यांनी, उलट फ्रेमचे पैसे देऊन गेले.

तसंही आपल्या गावात शाळेबाहेर शिकलेला माणूस हा काही कमीपणाचा विषय नाही. बाबूराव पेंटर आर्ट स्कूलमध्ये गेले नव्हते. वडिलांच्या हाताखाली शिकले, आनंदरावांबरोबर नाटकांचे पडदे रंगवले, पुढं कॅमेरा कोल्हापुरातच बनवला आणि १९२० मध्ये त्यावर 'सैरंध्री' केला. आणि फ्रेमवाल्यानं दालन काढणं हेही नवीन नाही. मुंबईत केकू गांधी यांनी १९४१ मध्ये केमोल्ड फ्रेम्स सुरू केली, फ्रेमच्या दुकानात तरुण चित्रकारांची चित्रं मांडायला लागले, आणि १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी उघडली. हे मी फार नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर घरच्यांना समजावताना उपयोगी पडलं असतं.

घरच्यांचा प्रश्न साधा होता. चित्रं बघायला येणार कोण? बरोबरच होता. टाऊन हॉलच्या बागेत दुपारी झाडाखाली शंभर माणसं बसलेली असतात. आत म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. त्या शंभरातली आत किती जातात ते एकदा बसून मोजा. मी मोजलंय, आकडा सांगत नाही. आपल्या माणसाला चित्र आवडत नाही असं मुळीच नाही. 'मला त्यातलं कळत नाही' म्हणून तो दाराशीच थांबतो. देवळात जाताना कुणी म्हणतं का, मला शिल्पशास्त्र कळत नाही म्हणून? मग माझ्या डोक्यात आलं की माणसाला दुसऱ्या कुठल्यातरी कामासाठी आत आणायचं. चित्रं भिंतीवर असू देत. बघायचं तर बघेल, नाही तर नाही.

म्हणून जागा मोठी हवी होती. शाहूपुरीत ती मिळाली. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही व्यापारपेठ, गुळाची. व्यापार पुढं मार्केट यार्डात गेला आणि काही जुन्या वखारी तशाच राहिल्या. त्यातली एक मी भाड्यानं घेतली. शहाबादी फरशीच्या सांध्यांत इतका गूळ मुरलेला होता की आम्ही चार दिवस उकळतं पाणी ओतत होतो. तरी पहिल्या वर्षी मुंग्यांनी पाठ सोडली नाही. उद्घाटनाला आलेले पाहुणे चित्रं बघत होते आणि मी खाली बघत होते.

कर्जाचं सांगते, कारण तरुण मुलं हेच विचारतात. बँकेत 'आर्ट गॅलरी' म्हटल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग मी फ्रेमिंगची मशिनं, दुकानाची उलाढाल आणि सात वर्षांची विवरणपत्रं पुढं केली. मुद्रा योजनेत तेव्हा दहा लाखांपर्यंत कर्ज मिळायचं. मला आठ मिळालं, फ्रेमिंगच्या धंद्यावर. दालनाचा कागदोपत्री उल्लेख 'शोरूम' असा आहे.

आता 'बहुउद्देशीय' म्हणजे काय, ते सांगते. वखार चाळीस फूट बाय अठ्ठावीस. मधे आठ बाय चारची प्लायची पॅनेलं छताच्या तुळयांना साखळीनं टांगलेली आहेत. उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरनं त्याला चेनपुली बसवून दिली, गॅरेजात इंजिन उचलायला असते तसलीच. साखळी ओढली की चित्रांसकट पॅनेल वर जातं, खाली साठ खुर्च्या मांडता येतात. बाजूच्या भिंतींवरची चित्रं मात्र कधीच हलत नाहीत. हा एकच नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. कार्यक्रम कुठलाही असो, भिंतीवरचं चित्र उतरणार नाही आणि त्याच्यावर पडदा पडणार नाही. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून अठ्ठावन्न इंचांवर येतो, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर. जलरंगावर दिवा मंद, पन्नास लक्सच्या आसपास. तैलरंगाला दोनशेपर्यंत चालतो. लक्समीटर मी ऑनलाइन मागवला, आणि एका लग्नाच्या फोटोग्राफरला वाटलं की मी त्याच्या फ्लॅशवर दंड लावणार आहे.

सकाळी मुलांचे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे वर्ग असतात. शनिवारी अभिवाचन. महिन्यातून एकदा चप्पल करणारे, हातमागवाले, कुंभार यांचा बाजार. दुपारी जागा रिकामी असते तेव्हा नाटकाच्या तालमी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतर दोन हौशी संस्था आमच्याकडं तालमीला यायला लागल्या. आम्ही त्यांच्याकडून फक्त विजेचे पैसे घेतो. जून ते सप्टेंबर मात्र बोलण्याचे कार्यक्रम बंद. वर पत्रा आहे, आणि शाहूपुरीतला आषाढातला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की वक्त्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. त्या चार महिन्यांत नुसती चित्रं. खरं सांगायचं तर तेव्हाच दालन सगळ्यात छान असतं.

आणि हो, साखरपुडे. या विषयावर माझ्यावर टीका झाली आहे. एका चित्रकारांनी ठरलेलं प्रदर्शन मागं घेतलं. म्हणाले, जिथं जिलेबीचं ताट फिरतं तिथं माझं चित्र लागणार नाही. त्यांचा मुद्दा मला समजतो, मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण पहिल्या पाच महिन्यांत चार चित्रं विकली गेली होती आणि त्यातली दोन माझ्या मावसबहिणीनं घेतली होती. पहिल्याच साखरपुड्यात तीन गेली! नवऱ्या मुलाचे काका, गडहिंग्लजकडचे शेतकरी, जेवणाची पंगत बसेपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून एका चित्रासमोर उभे राहिले. उसाच्या फडातून निघालेल्या बैलगाडीचं चित्र होतं. अर्धा तास बघितलं आणि मला म्हणाले, 'बाई, यातला डावा बैल दमलाय.' चित्रकाराला मी फोन करून ते वाक्य सांगितलं, तर तो गप्पच झाला. काकांनी चित्र नेलं. त्यांना कुणी उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका पाठवली नसती, आणि पाठवली असती तरी ते आले नसते.

साखरपुडा चालतो, पण हळदी समारंभाला जागा मिळत नाही. हळद उडते, धूर होतो, भिंती पिवळ्या होतात. यावर दोन नातेवाईक माझ्याशी अजून बोलत नाहीत.

हिशेब सांगितल्याशिवाय उद्योगाची गोष्ट खरी होत नाही. गेल्या वर्षी आलेल्या शंभर रुपयांतले सेहेचाळीस फ्रेमिंगचे, सत्तावीस हॉलच्या भाड्याचे, पंधरा वर्गांच्या फीचे, नऊ चित्रविक्रीतल्या आमच्या कमिशनचे आणि तीन चहा-पुस्तकांचे. कमिशन आम्ही वीस टक्के घेतो, मोठ्या शहरांत याहून बरंच जास्त असतं. म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्याचा वाटा नऊ रुपये. नुसतं चित्रांचं दालन असतं तर मी दुसऱ्या वर्षी कुलूप लावलं असतं. काही जण म्हणतात, मग हे कार्यालयच झालं की. मी म्हणते, कार्यालयात भिंतीवर काय लावलंय हे तुम्हाला आठवतं का?

पुराचं मी थोडक्यातच सांगते, तुम्ही सगळे त्यातून गेलाय. ऑगस्ट २०१९. दालन उघडून नऊ महिने झाले होते, एकूण एकेचाळीस चित्रं लागलेली, त्यातलं एकही माझं नाही. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट, पाणी ती ओलांडून कधीच वर गेलेलं. मी, माझे मिस्टर आणि तालमीतला एक मुलगा, तिघांनी भिंतीवरची चित्रं पॅनेलांवर बांधली आणि साखळ्या ओढून सगळं तुळयांपर्यंत नेलं. आत अडीच फूट पाणी आलं. खालच्या कपाटातले माउंटबोर्ड, दोन मशिनं, सगळ्या खुर्च्यांच्या गाद्या गेल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस चित्रं कोरडी राहिली. खुर्च्या मांडायला जागा व्हावी म्हणून बसवलेल्या त्या पुल्या होत्या. पाणी उतरल्यावर भिंतीवर जो चिखलाचा पट्टा राहिला, त्याचा हातभर तुकडा आम्ही रंगवलेला नाही. शेजारी चित्राला लावतो तशी चिठ्ठी लावली आहे, माध्यम: पंचगंगा. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, पण तोवर आमचा नियम ठरला होता. बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट, म्हणजे इशारा पातळी झाली की पॅनेलं वर. मग पुढं काय व्हायचं ते होऊ दे.

आता शेवटच्या दोन गोष्टी. जागेचा भाडेकरार पुढच्या मार्चमध्ये संपतोय. मालकांच्या मुलांना तिथं गाळे काढायचे आहेत. म्हाताऱ्या मालकांनी मात्र मला आधी विचारलं, तू घेतेस का म्हणून. गेल्या महिन्यात मी इसार दिला. महाद्वार रोडचा माझा गाळा, ज्याच्यावर दोन्ही मुलांची शिक्षणं झाली, तो विकायला काढलाय. घरात यावर दोन महिने बोलणं चाललं होतं. मिस्टर शेवटी एवढंच म्हणाले की फ्रेमिंग पुढच्या भागात घेऊ, गिऱ्हाईक आपोआप चित्रांतून आत येईल. हे माझं वाक्य होतं, ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला बरं वाटलं. भीती आहेच. अठ्ठावन्न इंचांवरून चित्र बघणं वेगळं आणि त्रेपन्नाव्या वर्षी नवीन हप्ता भरणं वेगळं. देणगी मागायला मी इथं उभी नाही, तो गैरसमज नको. नातवंडांचे वर्ग, पुस्तकाचं प्रकाशन, साठीचा कार्यक्रम, काहीही असलं तर जागा भाड्यानं घ्या. शाळेच्या माणसांना सवलत नाही, चहा मात्र आमच्याकडून.

दुसरी गोष्ट आपल्या ड्रॉइंगच्या सरांची. सर पहिल्या रांगेत बसलेत आणि मी काय बोलणार हे ओळखून आत्ताच मान हलवायला लागलेत. आपल्याला स्थिरचित्र आणि स्मरणचित्र शिकवणाऱ्या या माणसानं स्वतः केलेली चित्रं आपल्यापैकी किती जणांनी बघितली आहेत? मी बघितली. गेल्या दिवाळीत सरांच्या घरी गेले होते, तेव्हा वहिनींनी माळ्यावरून वळकटी काढून दाखवली. १९७० पासूनची जलरंगातली निसर्गचित्रं आहेत, साठ-सत्तर तरी असतील. पन्हाळ्याचा पाऊस आहे, जुना शिवाजी पूल आहे, आणि आपल्या शाळेच्या मागचा चिंचेचा डेरा आहे, जो आता तिथं नाही. कडांना वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. कागद ओला न करता ती काढता येते, ते माझं कामच आहे.

सर म्हणतात, 'बघू.' आपल्या वर्गात 'बघू' म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण यावेळी तेवढ्यावर भागणार नाही. डिसेंबरचा दुसरा आठवडा मी कुणालाच दिलेला नाही. पस्तीस चित्रं मावतील. जेवून झाल्यावर तुम्ही सगळ्यांनी सरांना एकेकदा जाऊन विचारा.