आमची पहिली मोटार आणि गावाकडचा रस्ता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी संतवाङ्मयावर आणि मराठी रंगभूमीवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्यामागून आम्ही मोटारगाडीवर बोलावयास उभे राहावे यात थोडा औचित्यभंग आहे, हे आम्ही जाणतो. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला आणि त्यांचे कारण आम्हांस पटले. दर जून-जुलैत मंडळात नवी कुटुंबे येतात. घर मिळाले, मुलांची शाळा ठरली, की तिसरा प्रश्न हमखास येतो : "गाडी कोणती घ्यावी? परवाना नुकताच हाती आला आहे आणि फार पैसे घालावयाचे नाहीत." त्यावर मंडळात जितकी डोकी तितकी उत्तरे मिळतात, आणि प्रत्येक उत्तर म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या दारातील गाडीचे कौतुक असते. आमच्यापाशी कौतुक करण्याजोगे फारसे नाही. आम्ही आमच्या चुकीविषयी बोलणार आहोत.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याविषयी दोन शब्द. तो प्रेमाचा असतो. परंतु तो ज्या काळात घडला त्या काळात निवड ही गोष्टच नव्हती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली याच बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली आणि १९४४ साली मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. पहिल्या कारखान्याच्या वारशाने आपल्यापैकी कित्येक कुटुंबे या शहरात आणली. दुसऱ्याने आपल्या वडिलांना फियाट आणि पुढे पद्मिनी दिली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिमतीवर घडविली होती, पण ती बाजारात येऊ शकली नाही. सामान्य माणसाच्या आवाक्यातील छोटी गाडी आली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी, मारुती ८०० च्या रूपाने. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तोवर पैसे भरावेत, वर्षानुवर्षे वाट पाहावी, मिळेल ती गाडी घ्यावी आणि जन्मभर टिकवावी, अशी रीत होती. पहिली मोटार हीच शेवटची मोटार. म्हणून "घ्यायचीच तर एकदाच चांगली मोठी घे" हे वाक्य आजही आपल्या घरांतून ऐकू येते. आम्हीही ते ऐकले होते, आणि मानले होते.

२०१५ साली आमच्या पुण्याच्या मामांनी नवी गाडी घेतली आणि जुनी आम्हांस देऊ केली. जुनी म्हणजे पाच वर्षांची, डिझेलवर चालणारी, लांबलचक, एमएच-१२ पासिंगची. "परक्याला विकण्यापेक्षा भाच्याच्या दारात उभी राहू दे," असे म्हणून मामांनी बाजारभावापेक्षा बरेच कमी पैसे घेतले. आमचा परवाना त्या वेळी चार महिन्यांचा होता. गाडी बंगळुरास आणली ती पगारी चालकाकडून. आम्ही शेजारी बसलो होतो. चित्रदुर्गच्या अलीकडे पवनचक्क्या दिसू लागल्या तेव्हा आमच्या मनात एकच चित्र होते : दिवाळीला साताऱ्यास जावे, आणि येताना आईला मागच्या ऐसपैस आसनावर बसवून घेऊन यावे. खरे सांगावयाचे तर ती गाडी आम्ही बंगळूरसाठी घेतलीच नव्हती. ती त्या रस्त्यासाठी घेतली होती.

परराज्यातील गाडी इकडे कायमची आणावयाची म्हणजे काय, हे आम्हांस नंतर कळले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या गाडीस तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी ४८ व्या कलमाखाली मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. आणि कर्नाटकाचा आजीवन कर नव्याने भरावा लागतो. गाडीच्या वयानुसार तो कमी होतो, तरी आमच्या गाडीचा कर लाखाच्या घरात गेला. महाराष्ट्रात मामांनी भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांपुरता परतावा मिळतो, हे खरे आहे. आमचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात इतका हिंडला की तेवढा प्रवास आमच्या गाडीचा झाला नाही. कार्यालयाचे नाव घेऊन आता काय उपयोग?

गाडी नियमानुसार आमची झाली, पण हाताला मात्र ती कधी वळली नाही. आमच्या गल्लीत दुतर्फा दुचाक्या उभ्या असतात. गाडीचे नाक कोठे संपते हे बसल्या जागेवरून दिसत नसे. पहिल्या महिन्यात एका भिंतीस डावा दरवाजा घासला, दुसऱ्या महिन्यात हेब्बाळच्या चढावर गाडी मागे सरकली आणि मागच्या रिक्षावाल्याने जी कन्नड शब्दसंपत्ती उधळली ती आम्हांस त्या दिवशी पुरती समजली. मग आम्ही आज नको, उद्या काढू, असे करू लागलो. गाडीवर कापड चढले. कापडावर गुलमोहराची पाने साचली.

२०१६ च्या श्रावणात आई रेल्वेने आमच्याकडे आली. एके रात्री अडीचच्या सुमारास तिला श्वास लागला. आम्ही कापड ओढून काढले, किल्ली फिरविली; गाडीतून नुसती कट्‌कट् उमटली. सहा आठवडे न हललेल्या गाडीची बॅटरी उतरली होती. शेजारचे कन्नड गृहस्थ आवाज ऐकून बाहेर आले. त्यांची २००८ सालची मारुती ८०० त्याच गल्लीत उभी होती. "बन्नी, बन्नी" म्हणत त्यांनी आईला मागे निजविले आणि दुचाक्यांच्या मधून ती डबी अशी काही बाहेर काढली की आम्ही पाहतच राहिलो. अठरा मिनिटांत आम्ही रुग्णालयात होतो.

आई बरी झाली. तिसऱ्या दिवशी उठून बसल्यावर तिने विचारले, "ती एवढी मोठी गाडी कशाला घेतलीस रे?" आम्ही म्हणालो, "तुझ्यासाठी." ती म्हणाली, "मी कधी मागितली होती?"

सभ्य स्त्रीपुरुषहो, या घटनेनंतर आम्ही जो हिशेब मांडला तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत. बंगळूर ते पुणे हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर. तो प्रवास आम्ही वर्षातून एकदा, फार तर दोनदा करतो. घर ते कचेरी आठ किलोमीटर, तो रोजचा. आपण परमुलखी राहणारी माणसे गाडी घेताना त्या ८४० किलोमीटरांचा विचार करतो : सामान किती मावेल, आईवडील कसे बसतील, घाटात कशी चढेल. नव्या चालकास मात्र गाडी शिकविते ती रोजच्या आठ किलोमीटरांत. गावाकडे जावयास उद्यान एक्सप्रेस आहे, रात्रीच्या बसगाड्या आहेत, आणि चार दिवसांसाठी चालकासह मोठी गाडी भाड्याने घेतली तरी वर्षभराच्या हप्त्यांपुढे तो खर्च किरकोळ आहे. आठ लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षे फेडावयाचे म्हटले तर महिना सुमारे १२,८७० रुपये हप्ता बसतो आणि एकूण व्याज २ लाख ८१ हजारांपर्यंत जाते. दिवाळीच्या एका प्रवासासाठी एवढे व्याज कोणी सुबुद्ध मनुष्य देईल काय? आम्ही मामांची गाडी विकली आणि छोटी, चार वर्षे वापरलेली, येथलीच केए पासिंगची गाडी घेतली.

आता नवागतांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ सालच्या पाहणीत बंगळुरात १० किलोमीटर जावयास सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागतात असे आढळले. (पुण्याचा आकडा ३३ मिनिटे २२ सेकंद होता, तेव्हा पुणेकर पाहुण्यांनी सिल्क बोर्डच्या चौकात आम्हांस हिणवू नये.) अशा रहदारीत डावा पाय क्लचवरून उचलताच येत नाही. म्हणून ज्यास क्लच नाही अशी, ए.एम.टी. म्हणतात ती गाडी नव्या चालकाने सुमारे अर्धा लाख जास्त देऊनही घ्यावी, असे आमचे मत आहे. गिअर टाकता आल्याखेरीज गाडी आली असे मानू नये म्हणणारे काही ज्येष्ठ सभासद समोर बसले आहेत. त्यांनी एकदा संध्याकाळी सहा वाजता होसूर रस्त्याने जाऊन यावे.

नवी की वापरलेली? नवीच घ्यावयाची असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, हे ध्यानात घ्यावे. त्या वेळी अल्टो के-१० ची सुरुवातीची किंमत पावणेचार लाखांच्या आत आली, आणि मार्च २०२५ पासून तिच्यात सहा एअरबॅगा आहेत. परंतु दुकानात सांगितलेली किंमत ही आपली किंमत नव्हे. कर्नाटकाचा आजीवन कर देशातील जबर करांपैकी एक आहे : पाच लाखांपर्यंतच्या गाडीस १३ टक्के, पाच ते दहा लाखांच्या गाडीस १४ टक्के, आणि त्या करावर पुन्हा ११ टक्के उपकर. सहा लाखांच्या गाडीवर हे ९३ हजार होतात. ज्यांची नोकरी बदलीची आहे त्यांनी २०२१ साली सुरू झालेल्या बीएच मालिकेची चौकशी करावी. तीत कर दोन-दोन वर्षांचा भरावा लागतो आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही. केंद्र व राज्य सरकारांचे कर्मचारी तीस पात्र आहेतच. चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांसाठीही तरतूद आहे.

तरीही पहिल्या गाडीस पोचे पडणारच, आणि ते जुन्या गाडीला पडलेले बरे, असे आमचे प्रामाणिक मत आहे. फक्त जुनी म्हणजे किती जुनी, याची एक रेघ आखून घ्यावी. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत ए.बी.एस. ब्रेक आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग व मागे घेताना इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. त्याआधीची गाडी लाखाने स्वस्त मिळाली तरी नवशिक्याने मोहात पडू नये. आम्ही स्वतः घेतली ती त्याआधीची होती; तेव्हा हा नियमच नव्हता, एवढेच आमचे समर्थन.

वापरलेली गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावयास जावे. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. गाडी वीस हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि पायाखालचे रबर मात्र गुळगुळीत झाले आहे, तर आकड्यापेक्षा रबरावर विश्वास ठेवावा. आणखी एक गोष्ट खास आपल्या शहराची. २०२२ च्या सप्टेंबरात बेळ्ळंदूर आणि सर्जापूर रस्त्याच्या परिसरात तुफान पाणी भरले, कित्येक गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी बाहेरून नव्यासारखी करता येते. म्हणून पायाखालचा गालिचा उचलून पाहावा, आसनाखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का ते बोट फिरवून पाहावे. हे करताना संकोच वाटू देऊ नये. मुलगी पाहावयास जाताना संकोच करीत नव्हतो, मोटारीचा कसला करता, असे आमच्या सौभाग्यवतींनी त्या वेळी ऐकविले होते. तो टोला गाडीस नव्हता, हे आपण ओळखलेच असेल.

नोंदणीपत्रावर बँकेच्या कर्जाचा बोजा नाही ना, आणि वाहतूक पोलिसांचा दंड थकलेला नाही ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. २०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारने थकीत दंडावर निम्मी सूट दिली तेव्हा येथे लोकांनी रांगा लावून दंड भरला, यावरून दंड साचण्याची आमच्या शहराची हौस कळेल. विक्रीनंतर १४ दिवसांत मालकी बदलाचा अर्ज करावा आणि विमाही आपल्या नावे करून घ्यावा. विम्यातील दावा न केल्याची सवलत जुन्या मालकाबरोबर जाते, गाडीबरोबर नाही. ती आपल्या हिशेबात धरू नये.

विजेच्या गाडीविषयी आम्ही अधिकाराने बोलू शकत नाही. २००१ साली 'रेवा' ही विजेची चिमुकली गाडी याच शहरातून निघाली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्याने आधी घरमालकास विचारावे.

आमची छोटी गाडी घरात सर्वांत चांगली कोण चालविते, हे सांगितलेच पाहिजे असे नाही. सौभाग्यवतींनी तिच्यावरच शिकून परवाना काढला. पुढच्या वर्षी आई आली तेव्हा तिला स्थानकावरून त्यांनीच आणले. आई पुढे बसली होती, गुडघे थोडे आखडून. लालबागेपाशी रहदारीत अडकल्यावर तिने पिशवीतून कंदी पेढे काढून खिडकीतून शेजारच्या रिक्षावाल्यासही एक दिला.

कार्यवाहांच्या परवानगीने एक सूचना करून थांबतो. रविवारी सकाळी सहा ते आठ मंडळाचे आवार रिकामे असते. ज्यांच्याजवळ शिकाऊ परवाना आहे आणि गाडी घेण्यापूर्वी हात बसवावयाचा आहे, त्यांनी आदल्या दिवशी आम्हांस कळवावे. आम्ही गाडी घेऊन येऊ आणि शेजारी बसू. डाव्या दरवाजाजवळचा पोचा आमचा आहे. त्यापुढचे पडतील ते तुमचे, आणि त्यांचे पैसे आम्ही मागणार नाही.