अंध मुलांना इंग्रजी बोलायला शिकविताना

(जोहे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. एकतीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकविली, एवढीच माझी पुंजी. चिटणीस साहेब मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही मस्कतला अंध मुलांना इंग्रजी बोलायला शिकवीत होता, त्याविषयी सांगा. आमच्या मुलांना प्रेरणा मिळेल." प्रेरणेचे मी सांगू शकत नाही. पण तेथे मी काय शिकलो आणि शेवटी माझी मान खाली का गेली, ते मात्र प्रांजळपणे सांगणार आहे.

निवृत्तीनंतर 2012 साली मी मुलाकडे मस्कतला काही महिने राहिलो. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. चार भिंतींत बसून कंटाळा येई. मशिदीत ओळख झालेल्या एका गृहस्थांनी सुचविले, की अंध मुलांच्या एका संस्थेत इंग्रजी बोलण्याचा सराव करून घेणारा माणूस हवा आहे. पगार नाही, फक्त सेवा. मला वाटले, यात अवघड ते काय? आयुष्यभर हेच तर केले!

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. वर्गात दहा मुले होती. मी सवयीप्रमाणे उभा राहिलो, बोट दाखविले आणि म्हणालो, "धिस इज अ टेबल, दॅट इज अ विंडो." वर्ग गप्प. एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा हळूच म्हणाला, "उस्ताज, विच इज धिस?" धिस म्हणजे कोणते? माझे बोट त्यांना दिसतच नव्हते! माझ्या पिशवीत रंगीत चित्रांचे तक्तेही होते. ते मी न उघडताच घरी नेले.

तेथील एक शिक्षिका स्वतः अंध होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन चार गोष्टी सांगितल्या. प्रश्न विचारण्यापूर्वी मुलाचे नाव घ्या, कारण तुम्ही कोणाकडे पाहता ते त्याला कळत नाही. खोलीत आलात तर सांगा आणि बाहेर जातानाही सांगा, नाहीतर मूल रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. "इकडे", "तिकडे" म्हणू नका. "तुझ्या उजव्या हाताला" म्हणा. आणि मुलाचा हात धरून ओढू नका. तुमचे कोपर त्याला धरू द्या, तो अर्धे पाऊल मागून आपणहून चालेल.

मी त्यांना विचारले, "लुक, सी हे शब्द वापरावेत की नाही?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्हीही काल दूरदर्शन पाहिला असेच म्हणतो. तुम्ही संकोचलात म्हणजे मुलेही संकोचतात." आणखी एक गोष्ट तेथे कळली. अंध म्हणजे सर्वांनाच पूर्ण काळोख असतो असे नव्हे. कोणाला उजेड कळतो, कोणाला मोठी अक्षरे दिसतात. म्हणून प्रत्येक मुलाला काय कळते ते आधी विचारावे लागते.

दुसऱ्या दिवसापासून मी पिशवीत वस्तू नेऊ लागलो. किल्ली, दोरी, डाळिंब, चमचा, नारळाची करवंटी. वस्तू हातात, शब्द कानात, मग वाक्य तोंडात. ताटाचे आम्ही घड्याळ केले. सहाच्या जागी भात, तीनच्या जागी मासळी, बाराच्या जागी पाण्याचा पेला. "व्हेअर इज द फिश?" "अ‍ॅट थ्री ओ क्लॉक!" एवढ्यावर अर्धा तास हसतखेळत निघून जाई. डोळस मुलांना इतकी वर्षे मी पुस्तकातील वाक्ये पाठ करायला लावली होती. खरी वस्तू हाती देऊन बोलते केले असते तर त्यांचीही इंग्रजी सुधारली असती, हे मला साठीनंतर समजले.

उच्चारांची अडचण निराळीच होती. अरबीत "प" हा आवाज नाही. "पार्क" म्हणायचे तर मुले "बार्क" म्हणत. डोळस मुलाला आपण ओठ दाखवितो. येथे काय दाखविणार? त्या बाईंनी युक्ती सांगितली. तळहात तोंडासमोर धरायचा. इंग्रजीत "पार्क" म्हणताना हवेचा झोत तळहाताला लागतो, "बार्क" म्हणताना जवळजवळ लागत नाही. "फ" आणि "व्ह" यांतील फरक कळण्यासाठी बोटे गळ्याला लावायची; "व्ह" म्हणताना गळा थरथरतो. विद्यार्थी मित्रहो, आज घरी जाऊन हे करून पाहा.

आता लिपीविषयी थोडे. लुई ब्रेल हा फ्रान्समधील कूपव्रे गावचा. जन्म 1809 चा. वडील घोड्याचे जीन-खोगीर करीत. तीन वर्षांचा असताना त्यांच्या कारखान्यातील आरी डोळ्यात लागून त्याची दृष्टी गेली. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. टिंबांच्या मांडणीतून 63 खुणा तयार होतात आणि त्यांत जगातील भाषा मावतात. आपल्या देशात 1951 साली सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल स्वीकारण्यात आली.

आपल्या समाजातील मुले शाळेत मराठी वाचतात, मदरशात अरबी वाचतात, घरी कोणी उर्दू वाचतो. एक लिपी डावीकडून, दुसरी उजवीकडून. पण ब्रेलमध्ये अरबी आणि उर्दूसुद्धा डावीकडून उजवीकडे वाचतात! डाव्या बाजूची तीन उभी टिंबे घ्या. इंग्रजी वाचणारा त्यांना "एल" म्हणेल, मराठी वाचणारा "ल" म्हणेल आणि अरबी वाचणारा "लाम" म्हणेल. मस्कतच्या मुलाच्या बोटाखाली जे अक्षर, तेच मुंबईच्या मुलाच्या बोटाखाली. डोळ्यांना ज्या लिपी परक्या वाटतात त्या बोटांना शेजारी वाटतात.

परदेशी जाऊन अंध मुलांना शिकविणे ही नवी गोष्ट नाही. 1899-1900 च्या मोठ्या दुष्काळाच्या सुमारास अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन बाई मुंबईत होत्या. 1900 साली त्यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. दुसरे उदाहरण जेनेव्हीव्ह कॉलफील्ड यांचे. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. 1923 साली त्या अमेरिकेतून जपानला गेल्या व इंग्रजी शिकवून चरितार्थ चालवू लागल्या. पुढे थायलंडमध्ये अंध मुलांना शाळाच नाही असे कळल्यावर त्या बँकॉकला गेल्या, थाई भाषेसाठी ब्रेल तयार केली आणि 1939 साली शाळा उघडली. 1961 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायका चार महिन्यांसाठी पाहुण्या म्हणून आल्या नव्हत्या. त्या राहिल्या, शाळा उभी केली, आणि त्यांच्या पश्चातही ती चालली. माझ्यासारखे हौशी लोक येतात, मुलांना लळा लावतात आणि व्हिसा संपला की निघून जातात. या दोहोंत फरक आहे. परदेशी सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी तो आधीच समजून घ्यावा.

माझ्या निरोपाच्या दिवशी मुलांनी एकेक वाक्य इंग्रजीत बोलून दाखविले. मग "धिस" म्हणजे कोणते असे विचारणाऱ्या त्याच मुलाने प्रश्न केला, "उस्ताज, तुमच्या गावात अंध मुलांना कोण शिकवतो?"

मला उत्तर देता आले नाही. बंधूंनो, माझ्या घरापासून चौथ्या घरात एक जन्मांध मुलगा होता. मी शाळेत जाता-येता तो पडवीत बसलेला दिसे. आई त्याची काळजी घेई, खाऊपिऊ घाली. शेजारीपाजारी "बिचारा" म्हणत. मीही म्हणत असे. मी तालुक्यातील मुलांना इंग्रजी शिकवीत होतो, पण त्या पडवीची पायरी कधी चढलो नाही. त्याच्या आईबापांना कोणी वाट दाखविली नव्हती. मला मात्र विचारणे सहज शक्य होते. दोष द्यायचा तर मी मलाच देतो.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. मुलगा तेवीस वर्षांचा झाला होता. मी म्हटले, "काय रे, दिवसभर काय करतोस?" तो म्हणाला, "रेडिओ ऐकतो, मास्तर." आणि त्याने क्रिकेटचे इंग्रजी समालोचन घडाघडा म्हणून दाखविले! उच्चार माझ्याहून बरे. फक्त अर्थ ठाऊक नव्हता. "बाउंड्री" म्हणजे काय, हे मी त्याला अंगणाच्या कुंपणाला हात लावून समजावले. त्याची आई दारात उभी होती. पदराने डोळे पुसून म्हणाली, "मास्तर, तुम्ही तेव्हाच का नाही आलात?"

त्या प्रश्नाचे उत्तर आजही माझ्यापाशी नाही. मी रोज संध्याकाळी जाऊ लागलो, एवढेच. त्याने बोलका मोबाईल वापरायला शिकून घेतला. पुढे मुक्त विद्यालयातून लेखनिक घेऊन तो दहावी झाला. चमत्कार काही नाही. सतरा वर्षांपूर्वी व्हायला हवे होते ते उशिरा झाले.

कुराण शरीफमध्ये अबस ही ऐंशीवी सूरा आहे. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध गृहस्थ काही शिकावे म्हणून आले, तेव्हा पैगंबरसाहेब (स.) कुरैशच्या बड्या सरदारांशी बोलत होते. शिकण्याच्या ओढीने आलेल्या त्या माणसाकडे आधी लक्ष द्यावे, अशी शिकवण त्या प्रसंगी मिळाली. हेच इब्न उम्मे मक्तूम पुढे मदिनेत अजान देत आणि पैगंबरसाहेब बाहेरगावी असताना मदिनेचा कारभारही त्यांच्याकडे सोपविला गेला. हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पडवीतला मुलगा मात्र आपल्याला दिसत नाही.

आता पालकांना दोन गोष्टी सांगतो. आपल्या घरात, नात्यात, वाडीत असे मूल असेल तर लपवू नका, आणि मुलगी असेल तर मुळीच लपवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत अशा मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. मुंबईत वरळी, दादर, ताडदेव येथे आणि पुण्यात कोथरूड व कोरेगाव पार्क येथे अंधशाळा आहेत. एवढ्या लांब नको वाटत असेल तर आपल्या कोकणातच, मंडणगड तालुक्यातील घराडी येथे निवासी अंध विद्यालय आहे. एकदा मुलाला घेऊन पाहून या, मग ठरवा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांना इंग्रजी लिहिता येते, पण बोलायची लाज वाटते. बोलण्याच्या सरावासाठी अंध सोबत्यासारखा सोबती नाही. तो तुमच्या कपड्यांकडे पाहत नाही, शब्दाकडे लक्ष देतो. आठवड्यातून दोन तास त्याच्याशी इंग्रजीत बोला. त्याचे पुस्तक मोठ्याने वाचून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. परीक्षेत लेखनिक म्हणून बसा. ऐनवेळी लेखनिक न मिळाल्याने कोणाचे वर्ष वाया जाऊ देऊ नका. संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. 2006 साली ती एका अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केली. शाळेच्या संगणकावर ती बसवून घ्या.

हे जोहे गाव, शेजारचे हमरापूर, तांबडशेत, यांचे नाव गणेशमूर्तींमुळे परदेशापर्यंत गेलेले आहे. येथील कारागीर सांगतात की सगळ्यांत कठीण काम डोळ्यांच्या आखणीचे. ते मुरलेल्या हातालाच देतात. ज्या परिसरात डोळ्यांची एवढी पारख आहे, तेथे घरातला अंध मुलगा मात्र कोणाला दिसू नये, हे बरे नव्हे.

मस्कतच्या त्या मुलाने मला विचारले, तेच मी आज आपणांस विचारतो. आपल्या गावात अंध मुलांना कोण शिकवतो? पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात कोणीतरी उठून "मी शिकवतो" किंवा "मी शिकवते" असे म्हणावे, एवढीच माझी दुआ आहे.