आधी माणसं मोजू, मग भांडी

जेवणं उरकली का? भांडी घासून पालथी घातली असली तर बसा जरा. घासायची असली तरी हरकत नाही, हात चालू द्या आणि कान इकडं द्या. कारण आज आम्ही भांड्यांवरच बोलणार आहोत.

आम्ही माणदेशातल्या एका बचत गटातल्या चौदा बायका. मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्यातल्या एका ताईनं वीस हजारांचं कर्ज मागितलं. कशासाठी? तर लेकीच्या लग्नातल्या भांड्यांसाठी. यादी करूनच आणली होती. एकवीस ताटं, एक्कावन्न वाट्या, एकवीस फुलपात्रं, पाण्याचे पाच हंडे, एकात एक बसणारे पातेल्यांचे दोन संच, डब्यांची उतरंड, वर चिनीमातीचा डिनर सेट. आमच्या गटाचं व्याज महिना शेकडा दोन रुपये. म्हणजे वीस हजारांवर पहिल्याच महिन्याला चारशे रुपये नुसतं व्याज.

एकीनं विचारलं, "अगं, पोरगी राहणार कुठं?" तर चाकणला. जावई कंपनीत कामाला, भाड्याची एक खोली, तिच्यातच ओटा आणि मोरी. मग पाच हंडे ठेवायचे कुठं? ताईचे डोळे भरून आले. म्हणाली, "मग मोकळ्या हातानं पाठवू का तिला? भावकी काय म्हणंल?" व्याह्यांनी काही मागितलं नव्हतं. भीती होती ती मांडवातल्या बायकांच्या बोलण्याची. आणि मैत्रिणींनो, त्या बोलणाऱ्या बायका म्हणजे दुसऱ्या कुणी नव्हे, आपणच की!

त्या दिवशी आम्ही कर्ज मंजूरही केलं नाही आणि नाकारलंही नाही. ठरवलं एवढंच, की आठ दिवसांत प्रत्येकीनं आपल्या घरातली जेवायची भांडी मोजायची. माळ्यावरची वेगळी, मांडणीवरची वेगळी आणि रोज मोरीत पडणारी वेगळी.

मोजून आलो तेव्हा आमचं आम्हालाच हसू आलं. एकीच्या माळ्यावर आहेरातली सव्वीस ताटं निघाली, कागदातून बाहेरसुद्धा न काढलेली. दुसरीकडं संक्रांतीच्या वाणातल्या प्लास्टिकच्या वाट्या आणि गाळण्यांचं पोतं भरलं. एकीचा डिनर सेट आठ वर्षं काचेच्या कपाटात बसून आहे. रोजच्या वापरात मात्र प्रत्येक घरी तीच ठरलेली चार-पाच ताटं.

मग एक म्हातारी सासूबाई, आमच्यात वयानं सगळ्यांत थोरल्या, म्हणाल्या, "रोज मोरीत पडणारी ताटं मोजलीत, आता घरातली माणसं मोजा." आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. चौदापैकी नऊ घरांत ताटं माणसांपेक्षा एकानं कमी होती. ते कमी पडणारं ताट कुणाचं, हे सांगायला नको. माळ्यावर सव्वीस ताटं असलेली बाई पातेल्यातच भाकरी मोडून जेवते. कुणी झाकणीवर, कुणी पोराच्या उष्ट्या ताटात. "तेवढंच एक भांडं घासायचं वाचतं," असं आपणच म्हणतो.

वाचतं खरं. पण ताट नसलं की आपल्या वाट्याला काय आलं हेच दिसत नाही. ताटात भाकरी, भाजी, डाळ वाढून घेतली की आज भाजी उरलीच नाही, हे डोळ्यांना दिसतं. पातेल्याच्या तळाशी ते दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची 2019 ते 2021 ची पाहणी सांगते, की आपल्या महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. नुसत्या ताटानं रक्त वाढत नाही, हे आम्हालाही कळतं. पण सगळ्यांबरोबर आपलं पान मांडलं, तर भाजी सगळ्यांत वाटली जाते. म्हणून आमचा पहिला नियम हा, की ताटं मोजताना पहिलं ताट आपलं धरायचं.

आता घराला किती भांडी लागतात ते बघू. आम्ही साधा हिशोब बसवला, घरातली माणसं अधिक दोन. पाच माणसांच्या घराला सात ताटं, चौदा वाट्या, सात फुलपात्रं, दोन तांबे आणि सात चमचे. वाट्या दुप्पट, कारण एक आमटीची आणि एक ताकाची किंवा दुधाची. दोन ताटं जास्त कशाला, तर अचानक पाहुणा आला तर, किंवा एखादं खरकटं राहिलं तर.

याच्यापेक्षा जास्त का नको? कारण जेवढी भांडी हाताशी, तेवढी खरकटी पडतात. घरात वीस ताटं मांडलेली असली की दुपारचं ताट संध्याकाळपर्यंत तसंच मोरीत राहतं आणि नवं काढलं जातं. घासायला पाणी आपल्याला आणायचंय. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बाईला एका ताटाला किती पाणी लागतं, ते कुणी शिकवायला नको.

ताट कसं घ्यावं? आपण काय खातो, ते आधी बघायचं. आपल्याकडं भाकरी कालवणात कुस्करून खातात. त्याला उभ्या काठाची खोलगट पितळी लागते. स्टीलची असली तरी आपण तिला पितळीच म्हणतो. सपाट ताटात कालवण पळतं. कप्प्यांच्या ताटात वाट्या वाचतात, पण भाकरी कुस्करायला जागा उरत नाही. शाळेच्या डब्यासारखी कोरडी भाजी-पोळी असेल तर ते बरं. लहान पोराला बुडाशी रुंद, न कलंडणारी ताटली द्यावी.

दुकानात गेल्यावर ताट हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी मधोमध दाबून बघा. पत्रा लपलपत असला तर ते चार महिन्यांत पोचे खाईल. काठावरून बोट फिरवा. काठ आत वळवलेला असावा, धार लागू नये. धार असली तर घासताना हात कापतो आणि फटीत खरकटं बसतं. ताटं एकात एक बसतात का, तेही बघा. जागा कमी लागते.

लोहचुंबक लावून स्टील ओळखता येतं, असं पुष्कळ जणी सांगतात. ते पुरं खरं नाही. ज्यात निकेल चांगलं असतं त्या 304 नंबरच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, पण निकेल कमी घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो बहुतेक वेळा चिकटत नाही. म्हणून चुंबकावर भरवसा ठेवण्यापेक्षा आयएसआयची खूण बघा. केंद्र सरकारनं 2024 च्या मार्चमध्ये स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ती सक्तीची करणारा आदेश काढला आहे. घेताना पावतीही मागा.

घरात जुनं पितळ असेल तर ते टाकाऊ समजू नका. कल्हई असेल तर त्यात खुशाल शिजवा आणि वाढा. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात मात्र ताक, चिंचेची आमटी, लिंबाचं लोणचं असं आंबट ठेवायचं नाही. धातू अन्नात उतरतो. मोडीत घालायचंच ठरलं तर आधी घरी वजन करा, दोन दुकानांत भाव विचारा, मग द्या. मेलामाईनची रंगीत ताटं दिसायला छान असतात, पण ती चुलीजवळ किंवा गॅसवर धरायची नाहीत, आणि तडा गेला की जेवायला वापरायची नाहीत.

मग घरात कार्य निघालं, दीडशे माणसं जेवायला आली, तर? त्याला आमच्या गटानं तोड काढली आहे. माळ्यावरची पडून असलेली ताटं-वाट्या आम्ही एकत्र केल्या, कमी पडली ती गटाच्या पैशातून घेतली. आता शंभर ताटं, दोनशे वाट्या, शंभर पेले आणि चार मोठी पातेली गटाच्या मालकीची आहेत. नेताना दोघींनी मोजून वहीत लिहायची, थोडी अनामत ठेवायची. आणताना घासून, मोजून द्यायची, हरवलं ते भरून द्यायचं. सभासदाला भाडं कमी, बाहेरच्याला जास्त. त्याहून मोठी पंगत असली तर पळसाच्या पानांच्या पत्रावळी. थर्माकोलच्या ताटांवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे, आणि ती शेतात उडाली की गुरंही खातात.

आता त्या ताईचं सांगतो. आम्ही सगळ्या जणी लेकीला घेऊन बसलो आणि तिलाच विचारलं, "तुला काय लागंल?" पोरगी म्हणाली, "चांगला कुकर, तवा, परात, तीन पातेली, पाण्याची एक टाकी, थोडे डबे आणि चार ताटं." आम्ही म्हटलं, चार नाही, सहा घे. आई-बाप भेटायला येतील की! सगळं मिळून सात हजारांत बसलं. तेवढं कर्ज गटानं त्याच दिवशी मंजूर केलं. रुखवतात डिनर सेटऐवजी आम्ही चौदा जणींनी केलेल्या कुरडया, पापड्या, सांडगे आणि शेवया मांडणार आहोत. भावकीनं बोलायचं ते बोलावं. त्यातल्या निम्म्या आमच्याच गटात आहेत.

आणखी दोन गोष्टी केल्या. भांड्यांवर नाव घालताना दुकानदारानं विचारलं, "कुणाचं घालू?" दरवेळी बापाचं नाहीतर जावयाचं घालतात. आम्ही लेकीचं घालायला लावलं. आणि दिलेल्या वस्तूंची यादी करून दोन्हीकडच्या सह्या घ्यायचं ठरवलं. कायद्यातच तशी सोय आहे. 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नात नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी करून ठेवायची असते. आपल्या खुशीनं लेकीला दिलं ते तिचं स्त्रीधन. पण समोरून कुणी भांड्यांची यादी धाडली, तर तो हुंडा झाला, आणि 1961 च्या कायद्यानं हुंडा मागणं गुन्हा आहे. हे दोन्ही लक्षात ठेवा.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल, मग संक्रांतीचं वाण येईल. कुणाच्या घरी काय द्यायचं ते ठरवताना एकदा विचारा, "बाई, तुला काय कमी पडतंय?" विचारण्यात कमीपणा नाही.

आणि आज रात्रीचं एक काम. जेवायला वाढताना माणसं मोजा. एक ताट कमी पडलं तर माळ्यावर चढा, कागदात गुंडाळलेलं एखादं ताट खाली काढा, धुवा आणि त्यात स्वतःला वाढून घ्या. पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा, कुणी कुणी काढलं ते.

येतो आता. नमस्कार.