रुळांखालची सामाईक विहीर

डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, कुठलाही पत्ता घ्या. गावाच्या नावाला पूर्व किंवा पश्चिम चिकटलेलंच असतं. गाव एकच, पण मधून रूळ गेले आणि त्याची दोन झाली. बाजार एकीकडे, शाळा दुसरीकडे. पायी जाणाऱ्याने काय करायचं? जिने चढायचे, नाहीतर सरळ रूळ तुडवायचे. रेल्वे सुरक्षेसाठी नेमलेल्या डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ साली सांगितलं की देशात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे पंधरा हजार माणसं मरतात आणि त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. तरी माणसं ओलांडतात, कारण दूध आणायला निघालेला माणूस कलमं वाचत नाही, जवळची वाट बघतो. ती जवळची वाट रुळांखालून काढता येते, म्हणून आज पादचारी भुयारी मार्गाबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या पैशांबद्दल.

या पैशांचं गणितच पायी चालणाऱ्याला ओळखत नाही. फाटक बंद करून तिथे पूल किंवा भुयार करायचं तर रेल्वे आणि राज्य सरकारने निम्मा-निम्मा खर्च उचलायची पद्धत आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं चालत आलेला निकष म्हणजे गाड्यांची संख्या गुणिले वाहनांची संख्या, एक लाख भरली पाहिजे. या गुणाकारात मोटार धरतात, बैलगाडीसुद्धा धरतात. माणूस धरत नाहीत. फाटक नसेल तर प्रश्नच मिटला. रेल्वे कायदाही सांगतो की मार्ग सुरू होऊन दहा वर्षं झाली की अशी नवी सोय स्वखर्चाने करून देणं रेल्वेवर बंधनकारक नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ साली गेली. पुढचा हिशेब तुम्हीच करा. मग उरते नगरपालिका. तिने पैसे रेल्वेकडे भरायचे आणि रेल्वेने काम करून द्यायचं, याला डिपॉझिट वर्क म्हणतात.

आता काम कसं होतं ते पाहा. रुळांलगतच्या खड्ड्यात काँक्रीटची पेटी ओततात आणि जॅक लावून ती थोडीथोडी रुळांखाली रेटतात. वरून गाड्या वेग कमी करून जात राहतात. इतकं अवघड काम आपले अभियंते करतात. घोडं अडतं ते जिन्यापाशी! पेटी रेल्वेची, दोन्ही बाजूंचे जिने आणि उतार पालिकेचे. पेटी तयार आणि तोंडाशी दुकानाचं अतिक्रमण, किंवा जिने तयार आणि पेटीचा पुढचा हप्ता भरलेला नाही. ही भाऊबंदांची सामाईक विहीर झाली. पाण्याच्या पाळ्या प्रत्येकाला तोंडपाठ, पण गाळ कोणी काढायचा, मोटर जळली तर कोणी भरायची, विजेचं बिल कोणाच्या नावावर, हे विचारलं की सगळे बांधाकडे बघतात. भुयारातही मोटर असते, वीज असते, गाळ असतो. म्हणून माझा हट्ट एकच आहे: पेटीच्या करारावर सही होईल त्याच दिवशी पंप, दिवे आणि झाडू यांची वर्षावर्षाची तरतूद त्याच करारात लिहिली गेली पाहिजे. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, त्यातून फरशी बसते, नावाची पाटीही लागते. पंपवाल्याचा पगार निघत नाही.

कोणी म्हणेल, पादचारी पूल आहे ना? आहे. पण विजेच्या तारांवरून जायचं तर पूल रुळांपासून साडेसहा मीटरच्या आसपास उंच न्यावा लागतो. चाळीसेक पायऱ्या होतात. भुयाराला माणसाच्या डोक्यापुरती उंची पुरते, त्यामुळे उतरायचं असतं साडेतीन-चार मीटर. गुडघे दुखणाऱ्या आजींना विचारा, हा फरक त्या सांगतील. दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो खरा आहे. अंधेरी आणि मिलन या वाहनांच्या सबवेची नावं दर पावसाळ्यात बातम्यांत येतात. पण ते भुयाराचं प्राक्तन नव्हे. पायी मार्गाचं तोंड लहान असतं. त्यावर छप्पर घालता येतं, रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून तोंडाशी वीतभर उंच उंबरठा करता येतो. उरलेलं पाणी उपसायला पंप. म्हणजे पुन्हा आपली मोटर आलीच, आणि ती चालू ठेवणारा माणूसही. अंधाराचं भय बायकांना वाटतं, तेही खोटं नाही. मार्ग सरळ असावा, एका तोंडाशी उभं राहिलं की दुसरं तोंड दिसावं. आणि दिवा गेला तर तो त्याच रात्री बदलला जावा, ही झाली परत देखभाल. फेरीवाल्यांबद्दल बोलायचं होतं, चाकाच्या खुर्चीला लागणाऱ्या पन्नास मीटर उताराला गावाच्या मध्यात जागा कुठून आणायची हेही होतं, पण वेळ संपल्याचा लाल दिवा समोर लागलाय.

तेव्हा एवढंच करा. तुमच्या पालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जाईल. भुयारी मार्गाचा आकडा किती मोठा आहे ते बघू नका. त्याच्याखाली पंप, दिवे आणि सफाई अशी ओळ आहे का ते शोधा. नसेल तर नगरसेवकाला गाठा आणि विचारा, गाळ कोण काढणार?