ओळखीचे वजन



शाळा अर्धवट सोडलेला हा संघटनेचा माणूस संगणकावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण प्रश्न हमालीच्या हिशेबाचा होता. टोळीचा वाटा काढणारा प्रोग्राम एका कार्यकर्त्याचा मुलगा लिहू लागला. मदतीस कोपायलट घ्यावा, चॅटजीपीटी की क्लॉड? जाहिरातीगणिक त्याचे मत बदले.

मी म्हटले, बाबा, काटा घेताना रंग पाहतोस काय? ओळखीचे वजन ठेवून पाहा. जुन्या वहीचे एक पान, उत्तर ठाऊक असलेले, नावे खोडून दोन साधनांना दिले. एकाने झटपट, देखणा प्रोग्राम दिला, पण अर्धा खाडा असलेल्यालाही पूर्ण वाटा! दुसऱ्याने आधी विचारले, अर्ध्या खाड्याचे काय धरता? तेच ठेवले. नाव सांगत नाही. नवी आवृत्ती आली की निकाल उलटावयाचा.

जाणत्यांचाही अंदाज चुकतो. 2025 साली अमेरिकेतील मीटर (METR) या संस्थेने 16 अनुभवी प्रोग्रामरांची 246 कामे तपासली. साधन वापरता वेळ 19 टक्के अधिक लागला. त्यांना मात्र वाटले, 20 टक्के वाचला!

आपल्या अर्धापूरची पोरे पुण्यास हिंजवडीत हेच काम करतात. साधन मालक निवडतो, आणि चूक निघाली की जाब पोराला. मग निवडताना त्याला का विचारू नये? ही मागणी आम्ही हमालांच्या काट्याबाबत केली होती. तेव्हाही लोक हसले होते.