रविवार राखावा



मुंबईच्या गिरणी-मजुरांस रविवारची सुटी कोणी दयेने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून ती मागितली. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. पुढल्याच वर्षी पोप तेरावे लिओ ह्यांनीही आपल्या परिपत्रात मजुराच्या विश्रांतीचा कैवार घेतला.

आज गिरण्यांचे भोंगे शांत झाले. परंतु कचेरी मोबाइलवाटे आपल्या जेवणाच्या ताटापर्यंत येते. सहा वर्षे झगडून मिळविलेली सुटी आपण एका घंटीसरशी परत करावी काय? रुग्णाची हाक निराळी. हिशेबाचा कागद सोमवारपर्यंत थांबू शकतो. म्हणून आमची विनवणी आहे : आपला रविवार राखा, आणि आपल्या हाताखालच्या माणसांचाही राखा.