पोटदुखी आणि एरंडेल



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे एका स्नेह्यांनी मला येताना बजावले. पण शौचाविषयी बोलण्याची लाज वाटते म्हणूनच कित्येक रोगी आम्हां डॉक्टरांकडे उशिरा येतात. तेव्हा ती लाज मी आरंभीच बाजूला ठेवतो.

आपल्याकडे पोट दुखू लागले की पुष्कळ घरांत उपाय ठरलेला : एरंडेल. कोठा साफ झाला म्हणजे बरे वाटेल! बद्धकोष्ठाने दुखत असेल तर वाटतेही, आणि म्हणूनच हा समज टिकला आहे. परंतु आंत्रपुच्छाला, ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो त्याला, सूज आली असेल तर? ही कळ बहुधा प्रथम बेंबीभोवती उठते. काही तासांनी उजवीकडे खाली उतरते आणि तेथे हात लावू देत नाही. अन्नावरची वासना जाते, ओकारी होते, अंग थोडे तापते. शौचास होत नाही, एवढेच घरची माणसे पाहतात आणि रेचक देतात. त्याने आतडे ढवळते आणि सुजलेले पुच्छ फुटण्याचा धोका वाढतो. कळ एकाएकी थांबली तरी हायसे वाटून घेऊ नये. कधी कधी ती फुटल्यामुळेच थांबलेली असते.

दुसरे दुखणे असा आरडाओरडा करीत नाही. कोणी दिवसातून तीनदा जातो, कोणी दोन दिवसांआड; दोघेही निरोगी असू शकतात. डॉक्टरला हवा असतो तो बदल, आणि तो केव्हापासून, हे. वर्षानुवर्षे पोटात मुरडा येतो, शौचानंतर उतार पडतो, वजन कायम आहे, अशांची आतडी बहुधा केवळ हळवी असतात. पण कधी बद्धकोष्ठ, कधी ढाळ, संध्याकाळी कसकस आणि अंग रोडावत चाललेले, असे असेल तर आतड्याच्या क्षयाची शंका घ्यावी. क्षय काही फुप्फुसांतच राहतो असे नाही.

आणि पंचेचाळिशीनंतर सवय बदलली, रक्त पडू लागले, तर 'मूळव्याध असेल' म्हणून स्वस्थ बसू नये. माझ्या पाहण्यातले एक वृद्ध गृहस्थ आठ महिने चूर्ण घेत राहिले. मूळव्याध त्यांना होतीच. पण वर गाठही होती, तपासताना बोटाच्या टोकाला लागण्याइतकी जवळ. इतके दिवस का आला नाहीत, असे मी विचारले. ते म्हणाले, "डॉक्टर, सुनेदेखत हे बोलायचे कसे?"